रक्तक्षयाचे कोडे सोडविणाऱ्या डॉ. ल्यूसी विल्स



आपल्या घरातील लेक, सून किंवा बहीण गरोदर राहिली म्हणजे आरोग्य केंद्रातील नर्सबाई किंवा गावातील आशाताई तिच्या हातावर लाल गोळ्यांचे पाकीट ठेवते, हे तुम्ही पाहिलेच असेल. शाळेतल्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी दिली जाते, तीही तुमच्या ओळखीची आहे. या दोन्ही गोळ्यांत दोन द्रव्ये असतात. एक लोह आणि दुसरे फॉलिक ॲसिड. लोहाचा रक्ताशी असलेला संबंध वैद्य-हकिमांना पूर्वीपासून ठाऊक होता. दुसऱ्या द्रव्याचा माग लागून मात्र अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत, आणि तो माग लागला आपल्याच मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत. माग काढणारी बाई इंग्रज होती. परंतु ज्या स्त्रियांच्या दुखण्याने तिला या वाटेवर आणले, त्यांत सर्वांत वाईट अवस्था मुंबईच्या गरीब मुसलमान बायकांची होती. नरडाण्यासारख्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिचे चरित्र वाचावे, याला एवढे कारण पुरेसे आहे.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅम शहराजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. घराणे सुखवस्तू आणि शिकलेले. वडील विज्ञानाचे पदवीधर होते, आईचे वडील बर्मिंगहॅमचे नामांकित डॉक्टर. मुलींना शास्त्र आणि गणित शिकवणाऱ्या शाळा त्या काळी इंग्लंडातही थोड्याच होत्या. चेल्टनहॅमची मुलींची शाळा त्यांतली एक. ल्यूसी तेथे शिकली आणि १९०७ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे तिचे विषय. १९११ मध्ये तिने शेवटची परीक्षा दिली. पण वाचकहो, परीक्षा उत्तीर्ण होऊनही तिला पदवी मिळाली नाही. मुलींनी वर्गात बसावे, पेपर लिहावेत, पास व्हावे, परंतु पूर्ण पदवी मात्र मागू नये, असा केंब्रिज विद्यापीठाचा कारभार होता आणि तो १९४८ पर्यंत चालला. मुलींच्या शिक्षणात मागासलेले फक्त आपणच, असे मानून खाली मान घालणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आणि युरोपात सर्व काही पहिल्यापासून आलबेल होते, असे मानणाऱ्यांनीही.

त्याच वर्षी वडील वारले आणि दोन वर्षांनी थोरली बहीणही गेली. घरावर दुःखाची छाया पडली होती. ल्यूसी आईला घेऊन सिलोनला जाऊन आली आणि १९१४ मध्ये धाकट्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेली. तेथे केप टाउनच्या कॉलेजात तिची एक मैत्रीण वनस्पतिशास्त्र शिकवीत होती. एवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. ल्यूसीने काही आठवडे केप टाउनच्या इस्पितळात स्वयंसेविका म्हणून रुग्णांची सेवा केली, आणि इंग्लंडला परतताच १९१५ च्या जानेवारीत लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत नाव घातले. वय सत्तावीसच्या घरात. हीच ती शाळा, जिच्यात आपल्या मुंबईच्या डॉ. रखमाबाई शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या व पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर बायकांचे दवाखाने सांभाळले. ल्यूसीबाई १९२० मध्ये डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. दहावी-बारावीत एखादे वर्ष वाया गेले म्हणून मुलीचे शिक्षण थांबवावे का, असा विचार ज्या घरात चालला असेल, त्या घराने हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

डॉक्टर झाल्यावर त्यांनी दवाखाना थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळातील प्रयोगशाळेत त्या काम करू लागल्या. गरोदरपणात स्त्रीच्या शरीरात काय काय बदल होतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. तेथूनच हिंदुस्थानचे बोलावणे आले.

त्या वेळी डॉ. मार्गारेट बाल्फोर नावाच्या एक स्कॉटिश डॉक्टरीणबाई हिंदुस्थानात अनेक वर्षे स्त्रियांच्या आरोग्याचे काम करीत होत्या. बाळंतपणात मरणाऱ्या बायकांची संख्या पाहून त्या अस्वस्थ झाल्या होत्या, आणि या मृत्यूंची चौकशी करण्याचे काम सुरू झाले होते. बाळंतिणींच्या मरणाचे एक मोठे कारण म्हणजे गरोदरपणातील तीव्र रक्तक्षय. बाई पांढरीफटक पडे, पायांवर सूज येई, दोन पावले चालली तरी धाप लागे, आणि बाळंतपणाचा ताण आला की कित्येकदा ती दगावत असे. या रोगाचे मूळ शोधण्यासाठी १९२८ मध्ये डॉ. विल्स मुंबईला आल्या आणि हाफकिन संस्थेत त्यांनी आपले काम मांडले.

येथे विद्यार्थ्यांसाठी थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. रक्तक्षय एकाच प्रकारचा नसतो. अंगात लोह कमी पडले तर रक्तातील तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. पण मुंबईच्या या बायकांच्या रक्तात उलटेच दिसत होते. पेशींची संख्या फार घटलेली, आणि असलेल्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या. अशाच मोठ्या पेशींचा एक जीवघेणा रक्तक्षय युरोप-अमेरिकेतील वयस्क माणसांत आढळे. त्यावर मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी १९२६ मध्ये उपाय काढला होता. रोग्याला रोज भरपूर कलेजी खाऊ घालायची. याच कामाबद्दल त्यांना पुढे १९३४ मध्ये व्हिपल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईचा रोग तोच की निराळा, हे कोणाला सांगता येत नव्हते.

डॉ. विल्स नुसत्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या नाहीत. ही बाई खाते काय, हे त्यांनी आधी पाहिले. एस. एन. तळपदे या सहकाऱ्यासह त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली आणि ती १९३० मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च या नियतकालिकात छापून आली. इंग्लंडहून आलेल्या विदुषीच्या नावाशेजारी तळपदे हे मुंबईचे नाव तेथे छापलेले आहे. आपल्याकडे पुढे जेव्हा जेव्हा या शोधाची गोष्ट सांगितली जाते, तेव्हा हे दुसरे नाव सहसा गळून जाते. म्हणून ते मुद्दाम येथे लिहिले.

पाहणीतून जे दिसले ते आपण न लपवता वाचले पाहिजे. ज्या बायकांचा आहार सर्वांत निकृष्ट होता आणि ज्यांना हा रक्तक्षय सर्वांत जास्त होत होता, त्या गरीब मुसलमान बायका होत्या.

यावर दोन चुकीच्या समजुती होण्यासारख्या आहेत. मुसलमान स्त्री पडद्यात राहते म्हणून तिला रक्तक्षय होतो, असे कोणी म्हणेल. ते शास्त्राला धरून नाही. पडद्यामुळे ऊन न मिळून हाडे मऊ पडण्याचा विकार होऊ शकतो, तो निराळा. पालेभाजीतील द्रव्याला पडद्याशी कर्तव्य नाही. ते पोटात गेले की आपले काम करते. दुसरे कोणी म्हणेल, आमच्या घरात तर गोश्त शिजते, आम्हांला कसली कमतरता? परंतु प्रश्न घरात काय शिजते हा नव्हता. शिजलेल्यातले कोणाच्या ताटात काय पडते, हा होता. त्या चाळीतल्या घरांत भाजीपाला, फळे, दूध या वस्तू मुळातच थोड्या येत, आणि जे येई ते आधी कमावत्या पुरुषांच्या आणि मुलांच्या वाट्याला जाई. सर्वांचे झाल्यावर भांड्यात उरेल ते घरधनीण खाई. ही चाल फक्त मुंबईची नव्हती, फक्त मुसलमानांचीही नव्हती. खानदेशातल्या किती घरांत ती मोडली आहे, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्याच चुलीपाशी शोधावे.

आता प्रयोगाकडे वळू. डॉ. विल्स यांनी पांढऱ्या उंदरांना त्या गरीब बायकांच्या आहारासारखाच आहार दिला. उंदीर रोगट झाले, त्यांचे रक्त कमी झाले. आहारात यीस्ट मिसळले तेव्हा ते बरे राहिले. वाटले, कोडे सुटले! पण पुढे ध्यानात आले की उंदरांच्या त्या रक्तक्षयात त्यांच्या अंगावरील उवांनी पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता. म्हणजे उंदरांचा पुरावा कच्चा निघाला. मग माकडांवर प्रयोग केले. तसाच निकृष्ट आहार दिल्यावर माकडांच्या रक्तातही मोठ्या पेशींचा रक्तक्षय दिसू लागला, अगदी त्या बायकांसारखा. एका मरणपंथाला लागलेल्या माकडाला काहीच सुचेना म्हणून मार्माइट चाटवले आणि ते उठून बसले, अशी हकीकत सांगितली जाते.

मार्माइट म्हणजे यीस्टचा घट्ट काळसर अर्क. पावाच्या भट्टीत जे खमीर पीठ फुगवते त्याच जातीच्या यीस्टपासून तो तयार होतो. इंग्लंडात लोक तो पावाला लावून खातात. चव खारट, उग्र. सर्वांना रुचेल अशी नव्हे. पण स्वस्त. डॉ. विल्स यांनी हा अर्क आजारी गरोदर बायकांना देऊन पाहिला. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक लागली, सूज उतरली. रोज पावशेर कलेजी कोणत्या गिरणी कामगाराच्या बायकोला परवडणार होती? येथे चमचाभर अर्काने तेच काम होत होते. १९३१ च्या जूनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले.

हे सर्व काम एकट्या मुंबईत झाले नाही. १९२९ मध्ये काही महिने त्या नीलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत होत्या. १९३१ च्या आरंभी त्यांनी मद्रासच्या एका इस्पितळात काम केले, त्याचे नावच मुळी कास्ट अँड गोशा हॉस्पिटल असे होते. गोशा म्हणजे पडदा. पडदानशीन आणि सोवळ्यातल्या बायका पुरुष डॉक्टरांच्या दवाखान्यात पाऊल ठेवत नसत, म्हणून त्यांच्यासाठी काढलेले ते इस्पितळ. विचार करा, बाल्फोर आणि विल्स यांच्यासारख्या बायका डॉक्टर झाल्या नसत्या, तर या रुग्णांच्या बोटातून रक्ताचा थेंब तरी कोणी घेतला असता? ज्या समाजाला आपल्या बायका स्त्री डॉक्टरनेच तपासाव्यात असे वाटते, त्याने आपल्या मुलींना विज्ञान शाखेत पाठवण्यावाचून दुसरा मार्ग नाही. हा हिशेब साधा आहे, पण आपल्याकडे तो फार उशिरा मांडला जातो.

१९३३ मध्ये डॉ. विल्स लंडनला परतल्या. १९३७-३८ मध्ये सुमारे दहा आठवड्यांसाठी त्या पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या. या खेपेला पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, साउथहॅम्प्टन ते कराची असा पाच दिवसांचा प्रवास करून. याच सुमारास त्यांनी आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट दाखवून दिली. शुद्ध केलेला कलेजीचा अर्क, जो युरोपातल्या रोग्यांना बरा करी, तो आपल्याकडच्या या बायकांना लागू पडत नव्हता; ओबडधोबड, कमी शुद्ध केलेला अर्क मात्र पडे. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी निघून जात होते आणि तेच तर मुंबईच्या रोगाचे औषध होते. एका रोगासारख्या दिसणाऱ्या दोन रोगांची दोन औषधे आहेत, हे यावरून ठरले. ते द्रव्य कोणते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. शास्त्रज्ञ त्याला विल्स फॅक्टर म्हणू लागले.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये चार टन पालक भाजी आटवून त्यातून एक द्रव्य चिमूटभर काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक ॲसिड ठेवले गेले. १९४५ मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. विल्स फॅक्टर म्हणजे हेच फॉलिक ॲसिड, हे तेव्हा उमगले. युरोपातल्या रक्तक्षयाचे दुसरे द्रव्य, बी-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये सापडले.

वाचकहो, शोधाची गोष्ट येथे संपत नाही, उलट येथून ती एका अनपेक्षित वळणाला लागते. नवीन पेशी तयार व्हायची तर तिच्यातील वारशाच्या द्रव्याची, म्हणजे डीएनएची, दुसरी प्रत निघावी लागते, आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागतेच. ते नसेल तर पेशी नुसती फुगते, दुभंगत नाही. मुंबईच्या बायकांच्या रक्तात दिसलेल्या मोठ्या पेशींचे हेच रहस्य. आता कर्करोग म्हणजे तरी काय? पेशींनी बेसुमार वाढत सुटणे. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करीत होते. फॉलिक ॲसिडने हा रोग अधिकच भडकतो असे त्यांना वाटले. तेव्हा त्यांनी उलट चाल केली. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने फॉलिक ॲसिडसारखेच दिसणारे पण त्याचे काम अडवणारे द्रव्य बनवले होते; ते त्यांनी सोळा अत्यवस्थ मुलांना दिले. १९४८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार त्यांतील दहा मुलांना उतार पडला. उतार तात्पुरता होता, हे खरे. पण त्यापूर्वी अशा मुलांसाठी डॉक्टरांपाशी काहीच नव्हते. आज पुढारलेल्या देशांत मुलांमधील या कर्करोगाच्या मुख्य प्रकारातून दहापैकी नऊच्या आसपास मुले वाचतात, आणि त्या उपचारात मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले औषध अजून वापरले जाते.

हेच औषध पुढे आफ्रिकेत गेले. युगांडातील कंपाला येथील मुलागो इस्पितळात डेनिस बर्किट नावाचे एक सर्जन होते. लहान मुलांचे जबडे गाठींनी विद्रूप होतात आणि काही महिन्यांत ती मरतात, हे त्यांनी पाहिले आणि १९५८ मध्ये त्याविषयी लिहिले. १९६१ मध्ये जुन्या मोटारीतून सुमारे दहा हजार मैल फिरून हा रोग कोठे आहे, कोठे नाही, याचा नकाशा त्यांनी तयार केला. त्या दवाखान्यात किरणोपचाराची यंत्रे नव्हती. औषधांवाचून इलाज नव्हता. तेव्हा मेथोट्रेक्सेट आणि तत्सम औषधे देऊन पाहिली, आणि काही मुलांच्या गाठी थोड्याच मात्रांत विरघळल्या. काही मुले कायमची बरी झाली. परळच्या एका प्रयोगशाळेत सुरू झालेली वाट अशी बॉस्टनमार्गे युगांडाच्या खेड्यात पोचली.

आणि ती आपल्या सातपुड्यातही येते. धुळे-नंदुरबारकडील आपल्या भिल्ल, पावरा बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा विकार आढळतो, हे तुम्ही ऐकले असेल. तोच विकार आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर आहे. निरोगी तांबडी पेशी एकशेवीस दिवस जगते. सिकलसेलच्या रोग्याची दहा-वीस दिवसांतच मरते. शरीराला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात, फॉलिक ॲसिड भराभर संपते, म्हणून अशा मुलांना त्याची गोळी रोज दिली जाते.

स्वतः डॉ. विल्स यांना या साऱ्याचे श्रेय मिळाले का? थोडेच मिळाले. नोबेल नाही, मोठ्या पदव्या नाहीत. २०१९ मध्ये गूगलने त्यांच्या जन्मदिनी आपल्या पानावर त्यांचे चित्र काढले, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत असताना त्या इस्पितळात काम करीत राहिल्या; रॉयल फ्री इस्पितळातील रक्तरोगांचा पहिला विभाग त्यांनीच उभा केला. १९४७ मध्ये निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका असे फिरत त्या आहार आणि रक्तक्षय यांचे निरीक्षण करीत राहिल्या. लग्न त्यांनी केले नाही. बड्या डॉक्टरांच्या मोटारींच्या गर्दीत त्या सायकलवरून कामावर जात. थाटमाट त्यांना आवडत नसे. शेवटच्या दहा वर्षांत लंडनमधील चेल्सी भागाच्या नगरसेविका म्हणूनही त्यांनी काम केले. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

भारत सरकारने १९७० मध्ये गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम सुरू केला. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या शंभरपैकी सत्तावन्न स्त्रियांना रक्तक्षय आढळला. कारणे अनेक आहेत. लोहाची कमतरता त्यांत मोठी. पण गोळी घरात येऊन डब्यात पडून राहते, हेही एक कारण आहे. गोळीने शौचाला काळे होते, मळमळते, मूल मोठे होऊन बाळंतपण अडते, अशा गोष्टी सासवा, खाला, फुफी सांगतात. शौचाला काळे होते हे खरे, त्यात धोका नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्यावी. मूल गोळीने अवाढव्य होते ही मात्र निव्वळ भीती आहे. आणि गोळीबरोबर मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला, चवळी, मूग, शेंगदाणे हेही ताटात हवेत. आपली उडीद घातलेली कळण्याची भाकरी या बाबतीत गव्हाच्या मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी सरस. भाजी मात्र तासभर उकळून पाणी ओतून दिले तर द्रव्य त्या पाण्याबरोबर जाते.

डॉ. विल्स यांच्या निधनानंतर या द्रव्याचा आणखी एक उपयोग पुढे आला, जो त्यांना पाहता आला नाही. गर्भाचा मणका आणि मेंदू ज्या नळीपासून घडतात ती नळी नीट मिटली नाही तर मूल पाठीवर उघडी जखम घेऊन जन्मते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक देशांत केलेल्या चाचणीचा निकाल आला. ज्यांना आधी असे मूल झाले होते, त्या स्त्रियांनी गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे बहात्तर टक्क्यांनी घटते, असे दिसले. दक्षिण आफ्रिकेने २००३ पासून मक्याच्या आणि गव्हाच्या पिठात ते मिसळणे सक्तीचे केले. ही नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे दिवस राहिल्याचे पुष्कळदा घरात कळायच्या आधी. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत लाल गोळी नसते. चारशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची वेगळी गोळी असते, आणि ती शक्य तर लग्नानंतर, दिवस राहण्याआधीच आरोग्य केंद्रात विचारून सुरू करता येते.